टिपऱ्यांच्या घराचा दिग्दर्शक

मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्याला जाहिराती, परीक्षणे, छापील संहिता असे काही ना काही हाती लागते. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेचे तसे नाही. भाग दाखवला गेला, घरोघरी हसे पिकले, पुढच्या आठवड्यात नवा भाग आला. लोकांच्या लक्षात राहतो तो नट, फार तर लेखक. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ म्हटले की दिलीप प्रभावळकरांचे आबा डोळ्यांपुढे येतात आणि ते योग्यच आहे. पण दिग्दर्शक केदार शिंदे यांचे काम मात्र त्या आठवणीत विरून जाते.

१९७३ साली जन्मलेले शिंदे हे शाहीर साबळे यांच्या मुलीचे चिरंजीव. साबळे मूळचे वाईजवळच्या पसरणीचे. ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आंधळं दळतंय’ ही त्यांची मुक्तनाट्ये मुंबईच्या कामगारवस्तीत गाजली. दिघी, आगरदांडा, राजपुरी अशा खाडीकाठच्या गावांतून पोटासाठी मुंबई गाठलेल्या चाकरमान्याला त्यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’मध्ये कोळीनृत्यापासून वासुदेवापर्यंत आपले सारे गाव भेटे. याच संचात शिंदे घडले. भरत जाधव आणि अंकुश चौधरी हे त्यांचे सोबतीही तिथलेच.

लोककलेच्या संचात रिकामा माणूस नसतो. शाहीर पुढे उभा राहून गातो, पण मागचा झीलकरी ‘जी जी’ म्हणत त्याला उचलून धरतो. माझ्या मते शिंदे यांच्या दिग्दर्शनाचे मूळ इथे आहे.

२००१ साली अल्फा मराठी वाहिनीवर ‘टिपरे’ सुरू झाली. आधार होता प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’चा. हे लेखन रोजनिशीच्या रूपातले. रोजनिशीत माणूस एकटा असतो, तिथे तो मनातले बोलतो. पडद्यावर मात्र आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका यांना एकाच दिवाणखान्यात, एकाच वेळी वावरायचे होते. कागदावरचे हे स्वगत घराच्या गलबल्यात कसे आणायचे, हा दिग्दर्शकापुढचा खरा प्रश्न.

शिंदे यांनी तो झीलकऱ्याच्या वाटेने सोडवला. एक जण बोलत असताना बाकीचे काय करतात, यावर प्रसंग उभा राहतो. राजन भिसे यांच्या शेखरची चिडचिड, शुभांगी गोखले यांच्या श्यामलेची लगबग, विकास कदम आणि रेश्मा नाईक यांची भावंडांतली कुरबुर; विनोद वाक्यात जेवढा, तेवढाच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. पाच जणांपैकी कोणीही केवळ दुसऱ्याला हशा मिळवून देण्यापुरता उभा नाही.

प्रभावळकरांमुळे ही मालिका एका जुन्या धाग्यालाही जोडली जाते. मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकात चिं. वि. जोशींचा चिमणराव त्यांनीच साकारला होता. तो मध्यमवर्गीय गृहस्थ आणि हे आजोबा, यांच्यामध्ये मराठी कुटुंबाची पाव शतकाची वाटचाल आहे.

याच काळात, २००२ साली, शिंदे यांचे ‘सही रे सही’ रंगभूमीवर आले. भरत जाधव यांच्या चार भूमिका, भन्नाट वेग, क्षणात वेशबदल. एकाच माणसाने एकीकडे नाट्यगृह दणाणून सोडावे आणि दुसरीकडे घरातल्या पडद्यासाठी आवाज खाली आणावा, ही किमया सोपी नाही. दूरचित्रवाणी म्हणजे छोटी रंगभूमी नव्हे, हे त्यांना उमगले होते.

पुढच्या चित्रपटांतही हेच धागे दिसतात. ‘अगं बाई अरेच्चा!’ (२००४) मधल्या नायकाला बायकांच्या मनातले ऐकू येते, म्हणजे पुन्हा रोजनिशीच. ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) मध्ये सहा बहिणी, म्हणजे पुन्हा संच. त्याच वर्षी ‘महाराष्ट्र शाहीर’मधून त्यांनी आजोबांचे चरित्र मांडले.

‘टिपरे’ २००५ पर्यंत चालली. नंतर दैनंदिन मालिकांनी आठवड्याच्या मालिकेची जागा घेतली आणि विनोद बराचसा प्रहसनांच्या मंचावर गेला. तिथे हशा मोठा असतो. पण समोर बसलेले परीक्षक आणि प्रेक्षक यांच्यासाठी केलेला विनोद आणि कोणी पाहतच नाही अशा भावनेने घरात घडणारा विनोद, यांत अंतर आहे. ते नेमके कशात आहे हे सांगायचे तर ‘टिपरे’चे भाग केवळ आठवणींसाठी न पाहता, नाटकाच्या संहितेसारखे ओळीओळीने तपासायला हवेत. काम करणारी माणसे आपल्यात आहेत. त्यांना विचारून घेण्याची वेळ आजची आहे.