वंशावळ आणि तिचे रकाने

आपल्या लोकांस वंशावळ लिहिण्याची हौस जितकी जुनी, तितकीच ती आपल्या सोयीनें लिहिण्याची हौसहि जुनी आहे. भाटानें गाइलेली, पटवाऱ्याच्या दप्तरांत उतरलेली, साहेबानें कोष्टकांत बसविलेली आणि आतां संगणकाच्या पडद्यावर उमटणारी, अशा वंशावळी एकाच घराण्याच्या असल्या तरी त्या परस्परांशीं जुळतीलच असा भरंवसा नाहीं. दर वेळीं त्यांत लबाडी असते असेंहि नाहीं. माहिती ज्या साच्यांत ओतावी त्या साच्याचा आकार ती घेते, एवढेंच. या गोष्टीचा अनुभव मला गेल्या पावसाळ्यांत घरबसल्या आला, आणि त्यामुळेंच चांद्याच्या गोंड राजांची वंशावळ पुन्हां एकदां उघडून पाहण्याची बुद्धि झाली.

माझा एक पुतण्या परदेशीं असतो. तिकडे हल्लीं नळीभर लाळ एखाद्या कंपनीकडे धाडून आपला डीएनए तपासून घेण्याची चाल पडली आहे. कंपनी उत्तरादाखल एक लांबलचक यादी पाठविते. आपल्या डीएनएचे तुकडे ज्यांच्या डीएनएंत सांपडतात अशा माणसांचीं नांवें तींत असतात, आणि प्रत्येक नांवापुढें रकाने असतात: गुणसूत्राचा क्रमांक, तुकडा कोठें सुरू होतो, कोठें संपतो, त्यावर किती खुणा जुळल्या, आणि त्याची लांबी किती सेंटिमॉर्गन. हें शेवटचें माप टॉमस हंट मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नांवावरून पडलें आहे. आईबाप आणि मूल यांच्यांत एकूण आंकडा साडेतीन हजारांच्या घरांत जातो. सख्ख्या चुलत भावंडांत तो सरासरीनें साडेआठशेंच्या आसपास असतो. आणि ज्यांचे खापरपणजोबा एक, अशा भावंडांत तो सत्तराच्या आसपास उतरतो, कधीं तर अजीबात नाहींसा होतो.

आतां गंमत अशी कीं, हें कोष्टक प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीनें मांडते. एकीचा पहिला रकाना नांवाचा, तर दुसरीचा गुणसूत्राचा. एक आडनांव वेगळें लिहिते, दुसरी सगळें नांव एका दमांत. वंशवृक्षाच्या सॉफ्टवेअरमध्यें हीं कोष्टकें भरावयाचीं तर आधीं साचा निवडावा लागतो: अमक्या कंपनीचा तिसरा रकाना तो आमचा पांचवा, असें यंत्रास सांगावें लागतें. साचा चुकला तर यंत्र पुष्कळदां तक्रार करीत नाहीं, निमूटपणें चुकीचें भरून घेतें. शिवाय, तुकड्याच्या स्थानाचे आंकडे मानवी जीनोमच्या २००६ सालच्या छत्तिसाव्या आवृत्तीवरून मोजले कीं २००९ सालच्या सदतिसाव्या, हेंहि पाहावें लागतें. नाहींतर एकच तुकडा दोन जागीं असल्याचा भास होतो. पुतण्या हें सर्व मन लावून करीत होता. एका रात्रीं त्याचा फोन आला. "काका, यादींत एक गृहस्थ सत्तराच्यावर सेंटिमॉर्गन घेऊन बसले आहेत. आडनांव आपलें नाहीं, आईकडचेंहि नाहीं. मीं साचा चुकीचा लावला कीं काय?"

साचा बरोबर होता. उत्तर मला ठाऊक होतें, पण तें एकदम तोंडांतून निघालें नाहीं.

चांद्याच्या राजांची यादी आज छापील स्वरूपांत आपणांपुढें आहे ती मुख्यतः मेजर ल्यूसी स्मिथ या सेटलमेंट अधिकाऱ्यामुळें. नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झाल्यावर या भागाची जमाबंदी झाली, आणि तिच्या १८६९ च्या अहवालांत या साहेबानें स्थानिक परंपरेवरून राजघराण्याची हकीकत दिली. त्याचे आपणांवर मोठे उपकार आहेत, यांत शंका नाहीं. परंतु त्यानें कोष्टक केलें, आणि कोष्टकांत ‘पासून’ व ‘पर्यंत’ असे दोन रकाने ठेवले. रकाना ठेवला म्हणजे तो भरावा लागतो. भीम बल्लाळसिंह इ. स. ८७० मध्यें गादीवर आला आणि नीळकंठशहाचें राज्य रघूजी भोसल्यानें १७५१ सालीं बुडविलें. मध्यें एकंदर १९ राजवटी. म्हणजे ८८१ वर्षांत १९ राजे, दर राजास सरासरी ४६ वर्षें! बाबरापासून औरंगजेबापर्यंतच्या सहा बादशहांची सरासरी १५२६ ते १७०७ या काळांत तीस वर्षांची पडते, आणि त्यांत अकबर व औरंगजेब हे प्रत्येकीं जवळजवळ पन्नास वर्षें तख्तावर बसलेले. चांद्याच्या रानांतली हवा कितीहि आरोग्यदायक मानली तरी एकोणीस पिढ्या हा क्रम चालेल काय?

याला साक्ष बाहेरून मिळते. अबुल फझलच्या आइने-अकबरींत चांद्याच्या बाबाजी नांवाच्या गोंड जमीनदाराचा उल्लेख असून त्याच्या पदरीं १,००० घोडेस्वार व ४०,००० पायदळ असल्याचें लिहिलें आहे. हा ग्रंथ सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतला. ल्यूसी स्मिथच्या कोष्टकांत मात्र बाबाजी बल्लाळशहाची राजवट १४४२ ते १५२२ अशी पडते. म्हणजे अबुल फझलनें ज्याचें सैन्य मोजलें, तो राजा कोष्टकाच्या हिशेबानें सत्तर वर्षांपूर्वींच वारलेला. आतां बाबाजीस १५९५ च्या सुमारास ठेवून पाहूं. त्याच्यानंतर धुंड्या रामशहा, कृष्णशहा, बीरशहा, रामशहा आणि नीळकंठशहा असे पांच राजे सुमारें १५५ वर्षांत झाले. दरेकीं ३१ वर्षें. याच मापानें बाबाजीसह मागचे चौदा राजे मोजले तर पहिला राजा बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत येतो, आणि माप थोडें आंखूड धरलें तर तेराव्यांत. माझें मत असें कीं नांवें बहुधा खरीं आहेत, खोटीं आहेत तीं वर्षें. परंपरेनें नांवांचा क्रम जपला होता. सालें तिला कोणीं विचारलींच नव्हतीं.

त्याच यादींत बीरशहाच्या खालीं रामशहाचें नांव सरळ रेघेनें जोडलेलें असतें. बीरशहाचा अंत लग्नसमारंभांत त्याच्याच पदरच्या एका रजपुताच्या हातून झाला असें सांगतात. त्याला मुलगा नव्हता. राणी हिराईनें चंदनखेड्याच्या घराण्यांतील रामशहास दत्तक घेतलें आणि तो लहान असतां राज्य स्वतः चालविलें. महाकालीचें देऊळ तिचें, नवऱ्याची समाधि तिनें बांधविलेली. अचलेश्वराच्या बाजूस गेलें म्हणजे ती समाधि अजून पाहावयास मिळते. ज्या रेघेवर चांद्याचें राज्य पुढें दोन पिढ्या चाललें, ती रेघ रक्ताची नसून एका विधवेच्या निश्चयाची आहे. उद्यां कोणी त्या वंशांतील पुरुषांचें वाय गुणसूत्र तपासलें, तर काय निघेल? तें बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेंच्या तसें जातें. चंदनखेड्याचे लोक राजघराण्याच्याच नात्यांतले मानले जातात. ते भाऊबंदांतले असतील तर यंत्रास दत्तकाचा सुगावाहि लागणार नाहीं. हिराईला विचारलें असतें तर तिनें हा प्रश्नच गैरलागू ठरविला असता.

राजघराण्याची ही स्थिति, तर रानांतल्या सामान्य गोंडाची वंशावळ कोणत्या रकान्यांत घालावी? त्याच्या कुळाची आठवण परधान राखीत आला. किंगरी वाजवून तो यजमानाच्या कुळाची उत्पत्ति गातो. फ्यूरर-हायमेनडॉर्फनें १९४८ च्या आपल्या ग्रंथांत शेजारच्या आदिलाबादेकडील राजगोंडांविषयीं जें लिहिलें, त्यांत समाजाची मुख्य वांटणी चार, पांच, सहा व सात भावांच्या सगांत आहे. आपल्याकडेहि गोंड माणूस सोयरीक जुळवितांना किती देवांचे, हें आधीं विचारतो. देवांची संख्या एक निघाली तर बोलणें तेथेंच संपतें. हा रकाना परदेशी सॉफ्टवेअरमध्यें नाहीं. तेथें आडनांवाचा आहे. पण आत्राम किंवा मडावी हें आडनांव कुळाचें नांव असल्यामुळें भामरागडचा मडावी आणि राजुऱ्याचा मडावी यांचें नातें त्यावरून कांहींच ठरत नाहीं.

त्यावर आणखी एक अडचण. गोंडांत मामेबहिणीशीं वा आतेबहिणीशीं लग्न करण्याची चाल जुनी आहे, आणि महाराष्ट्रांतल्या अनेक जातींतहि मामाची मुलगी हक्काची मानीत. अशा सख्ख्या आतेमामे भावंडांच्या अपत्यांत डीएनएचा सोळावा हिस्सा दोन्ही बाजूंनीं एकच येतो. पिढ्यान् पिढ्या असें झालें म्हणजे दूरच्या दोन माणसांत अनेक वाटांनीं आलेले बारीक तुकडे सांचतात, त्यांची बेरीज मोठी होते, आणि यंत्र त्यांना जवळचे भाऊ ठरवितें. सेंटिमॉर्गनवरून नातें सांगणारीं कोष्टकें मुख्यतः युरोपियन वंशाच्या कुटुंबांवरून तयार झालीं. तीं येथें डोळे मिटून लावणें म्हणजे पुन्हां ल्यूसी स्मिथचीच चूक करणें होय. समूहांचा इतिहास पाहावयास मात्र हेंच शास्त्र फार उपयोगी पडतें. २०१७ सालीं चौबे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गोंडांविषयीं जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत द्राविडी भाषा बोलणारे हे लोक आनुवंशिक दृष्ट्या मुंडा समूहांच्या बरेच जवळ असल्याचें दिसून आलें. व्याकरणाच्या साच्यांतून हें कधींच बाहेर पडलें नसतें.

शहरांतल्या वाचकांस वंशावळ हा फुरसतीचा विषय वाटेल. या दोन जिल्ह्यांत तो पोटाचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत जुन्या नोंदींतील माणसापर्यंत पोंचणारी वंशावळ हा एक पुरावा मानला आहे. जे आदिवासी नाहींत अशा वननिवासींस १३ डिसेंबर २००५ पूर्वींच्या तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि कायद्याची पिढी २५ वर्षांची आहे. (मेजर साहेबांस हें माप मिळतें तर!) जमातीच्या दाखल्याची पडताळणी करतांनाहि वंशावळीचें प्रतिज्ञापत्र मागतात. माना ही गोंडांची पोटशाखा कीं स्वतंत्र जमात, हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २००६ सालीं ती स्वतंत्र जमात असल्याचा निकाल लागला. यांत डीएनएचा रकाना कोठेंहि नाहीं, आणि तो नसावा असेंच मला वाटतें. ज्या माणसाचा आजा जंगलखात्याच्या एकाहि कागदावर चढला नाहीं, त्याला आणखी एका प्रयोगशाळेच्या दारीं उभें करण्यांत न्याय कोणता?

पुतण्याला मीं दुसऱ्या दिवशीं फोन केला. माझे आजोबा, म्हणजे त्याचे पणजोबा, आमच्या घरीं आठव्या वर्षीं दत्तक आले. दत्तकपत्र लोखंडी पेटींत आहे. पण आमच्या आजीनें त्या घराचें नांव घरांत कोणास काढूं दिलें नाहीं, आणि आम्हांस तशी संवयच लागली. त्यानें थोडा वेळ कांहीं म्हटलें नाहीं. मग विचारलें, "मग मीं वडील कोणते लिहूं?" वंशवृक्षाची माहिती एका यंत्रांतून दुसऱ्यांत नेण्याची जी सर्वमान्य पद्धति अमेरिकेंतील मॉर्मन पंथीयांनीं १९८४ सालीं काढली, तींत मूल व आईबाप यांच्या नात्यावर जन्मतः कीं दत्तक, असा शेरा मारण्याची सोय पुढें झाली आहे. त्यानें दोन्ही बाप लिहिले व शेरे मारले. तीच फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्यें नेतांच शेरे गळून पडले आणि आजोबा दोन घरीं जन्मले. तेव्हां त्यानें ते हातानें पुन्हां भरले.

त्या सत्तर सेंटिमॉर्गनवाल्या गृहस्थांनींहि आपल्या घरची हस्तलिखित वंशावळ फोटो काढून पाठविली. तींत पांच भावांत तिसरें नांव आमच्या आजोबांचें आहे. इतर चौघांच्या खालीं रेघा आहेत, नातवंडेंपतवंडें आहेत. तिसऱ्याच्या खालीं कोरा कागद आहे.