एस्टोनियातील परगणे व त्यांची कुलचिन्हे

बाल्टिक समुद्रकाठच्या एस्टोनिया प्रजासत्ताकातील पहिल्या स्तराचे प्रशासकीय विभाग व त्यांच्या अधिकृत ढालचिन्हांची परंपरा. परगण्याला एस्टोनियन भाषेत ‘माकोन्द’ म्हणतात. परगणे पंधरा आहेत : हार्यू, हीयू, इदा-विरू, योगेवा, यार्वा, लाने, लाने-विरू, पोल्वा, पर्नू, राप्ला, सारे, तार्तू, वाल्गा, विल्यांदी व वोरू.

इतिहास : दोन महायुद्धांदरम्यानच्या स्वतंत्र एस्टोनियात अकरा परगणे होते. सोव्हिएट राजवटीत 1950 मध्ये ते मोडून ‘रायोन’ हे लहान विभाग पाडण्यात आले. 1 जानेवारी 1990 रोजी परगणे पुन्हा अस्तित्वात आले, मात्र रायोनांच्याच सीमांवर. त्यामुळे जुना विरू परगणा दुभंगलेला राहिला आणि हीयू, योगेवा, पोल्वा, राप्ला ही नावे यादीत टिकली. पूर्वीच्या पेत्सेरी परगण्याचा बहुतांश भाग आता रशियाच्या ताब्यात आहे. त्याविषयी पाहा : तार्तूचा तह (1920).

कुलचिन्हे : जुन्या परगण्यांच्या ढालींना 1937 मध्ये मान्यता मिळाली, नव्या परगण्यांच्या ढाली 1990 नंतरच्या. हार्यूच्या तांबड्या ढालीवरील पांढरा क्रूस डॅनिश सत्तेची आठवण देतो. 1219 मध्ये राजा दुसरा वाल्देमार याने आजच्या टालिनच्या जागी विजय मिळवला, त्या लढाईत डॅनिश ध्वज आकाशातून पडला, अशी दंतकथा आहे. एस्टोनियाच्या राष्ट्रचिन्हातील सोनेरी ढालीवरचे तीन निळे सिंहही डॅनिश राजचिन्हाशी जोडले जातात. लानेच्या ढालीवर प्रभावळीसह गरुड आहे. ते संत योहानाचे प्रतीक असून हाप्सालू येथे पीठ असलेल्या बिशपच्या सत्तेतून आले. सारे या बेटांच्या परगण्याने प्राचीन लांब नौका घेतली आहे. इतर परगण्यांनीही स्वतःची ढाल ठरवली आहे.

ध्वज : सर्व परगण्यांच्या ध्वजांचा साचा एकच. वरचा पट्टा पांढरा, खालचा हिरवा. पांढऱ्या पट्ट्यावर परगण्याची ढाल.

सद्यःस्थिती : 2017 च्या सुधारणेने स्थानिक संस्थांची संख्या 213 वरून 79 वर आली. हीयूमध्ये एकच पालिका उरली, सारेमध्ये तीन. 1 जानेवारी 2018 पासून परगणा-शासने व परगणाप्रमुखांचे पद रद्द झाले आणि त्यांची कामे मंत्रालये व पालिकांकडे गेली. परगणे प्रादेशिक एकक म्हणून कायम आहेत. त्यांच्या ढाली व ध्वजही वापरात आहेत.