तोबरा, मुसकं आणि रवंथ

हल्ली पेट शॉपमध्ये कुत्र्यांसाठी एक गमतीशीर वाडगा मिळतो. आतून सपाट नसतो, भुलभुलैयासारखे उंचवटे असतात. कुत्र्याला एका दमात सगळं गिळता येत नाही, फटीफटीतून दाणे शोधत बसावं लागतं. नाव ‘स्लो फीडर’. आमच्या टीममधला एकजण तो वाडगा दाखवत म्हणाला, “काय एकेक शोध लावतील हे लोक!”

मी मूळचा माजलगावचा. त्यामुळे मला यात शोध वगैरे काही दिसला नाही. जनावराचं खाणं आवरतं ठेवायचा उद्योग आपल्याकडं शेकडो वर्षं चालू आहे. फक्त त्यासाठी कोणी वाडगा विकत नव्हतं. आजचा लेख त्या जुन्या उद्योगावर.

आधी कुत्र्याचं उरकून घेऊ. कुत्रा बकाबका खातो तो लांडग्याचा वंशज म्हणून. कळपात जो हळू खाईल तो उपाशी राहील, असा साधा हिशोब. पण मोठ्या आणि खोल छातीच्या जातींमध्ये कधीकधी पोट वायूने फुगतं आणि चक्क पिळा बसतो. काही तासांत जीव जाऊ शकतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली मोठ्या जातींच्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भराभर खाणाऱ्यांना हा धोका जास्त असल्याचं दिसलं. गंमत म्हणजे सोयीसाठी उंच स्टँडवर ठेवलेल्या वाडग्यातून खाणाऱ्यांनाही धोका जास्तच निघाला! म्हणजे वाडग्याचं डिझाईन हा अगदीच फॅशनचा मामला नाही.

आता घोडा. इथं खरी मजा आहे.

घोड्याचं शरीर मोठं, पण जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. त्याला उलटी करता येत नाही. मोकळा सोडला तर दिवसातले १४-१६ तास तो थोडं थोडं चरत असतो, कारण त्याची सगळी यंत्रणाच तशी बनलेली आहे. लाळसुद्धा चावतानाच सुटते. अशा प्राण्यापुढं एकदम पाटीभर दाणा ओतला आणि त्यानं तो गिळला, की पोटशूळ ठरलेला. आणि पोटशुळानं घोडा दगावतो.

मराठ्यांचं सगळं राजकारण ज्या प्राण्याच्या पाठीवर चाललं, त्याची ही गोष्ट. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा असायचा, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदाराचा घोडा मेला म्हणजे त्याची नोकरीच गेली म्हणायची. हे काही फार लांबचं नाही. १० ऑगस्ट १७६३ ची राक्षसभुवनची लढाई आमच्याच बीड जिल्ह्यात, गोदावरीच्या काठावर झाली. निजामाची निम्मी फौज नदीपलीकडं पोचली असताना माधवराव पेशव्यांच्या सैन्यानं अलीकडच्या निम्म्या फौजेला गाठलं. असं गाठायचं तर घोडी धावण्याच्या अवस्थेत असायला हवीत, आणि त्यासाठी रोज संध्याकाळी कुणीतरी मापानं चंदी द्यायला हवी.

चंदी द्यायचं साधन म्हणजे तोबरा, घोड्याच्या तोंडाला बांधायची पिशवी. शब्द फारसीतून आला. तोबऱ्यानं चावण्याचा वेग थेट कमी होतो असं नाही. तो एक वेगळंच काम करतो. ज्याचं माप त्याच्याच तोंडाशी. शेजारचा घोडा हिसकावून घेणार नाही, म्हणून घाई नाही. आणि किती खाल्लं ते मोतद्दाराला पक्कं ठाऊक. दाणाही भिजवून किंवा शिजवून द्यायची पद्धत होती. दख्खनेत तो बऱ्याचदा हुलगा असे, म्हणून तर इंग्रजीत हुलग्याचं नावच ‘हॉर्स ग्रॅम’ पडलं. दाणा फुगायचा तो पोटाबाहेर फुगलेला बरा, हे त्यातलं शहाणपण. भाषेनं मात्र सूड उगवला. मापात खायला घालायच्या या पिशवीवरून आपण ‘तोंडात तोबरा भरला’ म्हणतो, ते अधाशासारखं खाणाऱ्याला. कामचुकार माणसासाठी तर ‘तोबऱ्याला पुढे, लगामाला मागे’ अशी म्हणच आहे.

शिवाजी महाराजांचं एक पत्र या बाबतीत वाचण्यासारखं आहे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांतलं. चिपळूण भागात पावसाळ्यासाठी छावणी केलेल्या घोडदळाच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं. दिव्याची जळती वात उंदीर पळवून नेईल आणि गवत पेटेल, हे त्यातलं वाक्य बहुतेकांना माहीत असतं. पण पत्राची सुरुवात घोड्यांच्या खाण्यापासून आहे. त्याचा आशय असा : साठा कष्टानं जमवलाय. आता मन मानेल तसा दाणा-गवत चाराल, तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील, आणि मग तुम्ही रयतेकडून ओरबाडायला लागाल. आमच्या भाषेत सांगायचं तर हे शुद्ध रेट लिमिटिंग आहे :) घोड्याच्या तोंडापाशी चुकलेलं माप शेवटी शेतकऱ्याच्या घरात शिरतं, ही साखळी महाराजांनी स्वच्छ पाहिली होती.

त्या पत्रात जनावराच्या ठरलेल्या खुराकासाठी ‘रातीब’ हा शब्द येतो. आज आपण दुधाचा ‘रतीब’ लावतो, तोच हा शब्द. रोजचं, ठरलेलं, मोजून दिलेलं.

घोड्यानंतर बैल. आणि इथं सगळा नियमच उलटा होतो.

बैल मुळात भराभरच खातो. नीट न चावता चारा पहिल्या मोठ्या कप्प्यात ढकलतो आणि नंतर निवांत बसून तोंडात परत आणतो. म्हणजे आधी क्यू भरायची, प्रोसेसिंग मागाहून. या रवंथात दिवसाचे सात-आठ तास जातात. मोठ्या गाईच्या तोंडात दिवसाला १०० लिटरहून जास्त लाळ तयार होऊ शकते, आणि तीच पोटातलं आम्ल मारते. म्हणून बैलाला हळू खायला लावायची गरज नसते, त्याला रवंथाला वेळ द्यावा लागतो. जुने शेतकरी भल्या पहाटे औत जुंपायचे आणि ऊन चढलं की सोडायचे, त्यात उन्हाबरोबर हाही हिशोब होता.

फक्त धान्यावर बैलाला मोकळं सोडता येत नाही. खळ्यावर तिवड्याभोवती पात फिरायची तेव्हा बैलांच्या तोंडाला दोरीचं जाळीदार मुसकं असायचं. हेतू अर्थातच धान्य वाचवण्याचा. बायबलच्या जुन्या करारात मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नये असा दयेचा नियम आहे, आणि तो मनाला भिडतोही. पण पोटभर ज्वारी खाल्लेल्या बैलाच्या पोटात भराभर आम्ल तयार होतं आणि रवंथ बंद पडतं. मुसक्यानं मालकाचं धान्य वाचायचं, तसा बैलही वाचायचा. कोवळ्या ज्वारीच्या पोंग्यांचंही तसंच. त्यातून सायनाइडची विषबाधा होते, आपल्याकडं ‘किराळ लागली’ म्हणतात.

म्हणूनच पोळ्याच्या सुमारास पशुवैद्य दरवर्षी सांगतात, पुरणपोळ्या आणि धान्य बेतानं खाऊ घाला. वर्षभर राबलेल्या बैलाला त्या दिवशी प्रत्येक घर प्रेमानं भरवतं, आणि दुसऱ्या दिवशी तो पोट फुगवून उभा असतो. जनावर अशा वेळी आपल्या प्रेमानंच आजारी पडतं.

माजलगावकडं याची आणखी एक बाजू आहे. सिंदफणेवर धरण झालं, ऊस आला. तरी जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दर हंगामात बैलगाड्या घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातातच. तिथं बैल उसाचे वाढे खातो, ओझं ओढतो, आणि रवंथ करतो ते कारखान्याच्या आवारात गाडीचा नंबर लागेपर्यंत. कारखान्यात जिथं ऊस टाकतात त्या जागेला ‘गव्हाण’च म्हणतात. ती गव्हाण कधी रिकामी राहू देत नाहीत. गाडी ओढणाऱ्या बैलाच्या गव्हाणीचं वेळापत्रक मात्र कुणाच्याच कागदावर नसतं.

असो. थोडक्यात काय, तर जनावराच्या खाण्याचा वेग फक्त भांड्यावर ठरत नाही. माप ठरलेलं आहे का, शेजारी हिसकावणारं कुणी आहे का, आणि खाल्ल्यावर त्याला वेळ मिळतो का, या तीन गोष्टींवर ठरतो. घरी कुत्रा असेल तर दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत विभागा. दोन कुत्रे असतील तर वेगवेगळ्या कोपऱ्यात वाढा. खाल्ल्याखाल्ल्या पळवू नका. पोट फुगलंय, उमाळे येतायत पण उलटी होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. उंचवट्यांचा वाडगा घ्यायचा तर जरूर घ्या, चांगला आहे. पण मोतद्दार तोबरा बांधून निघून जात नसे. घोडा खाऊन होईपर्यंत जवळच थांबत असे.