‘करप्ट’ फाइल आणि गाण्यांच्या सीडीचा वारसा

आजची गोष्ट एका एररची. जुन्या सीडीची इमेज फाइल लिनक्सवर माउंट करायला जावं, तर टर्मिनल सांगतं, फाइल सिस्टिमचा प्रकार चुकीचा. अनेकजण तिथेच फाइल करप्ट ठरवून डिलीट करतात. आत कदाचित घरचे फोटो असतील, कुणाचा प्रबंध असेल. म्हणून म्हणतो, जरा थांबा, आधी थोडा इतिहास ऐका.

१९८२ साली सोनी आणि फिलिप्सची सीडी बाजारात आली, ती गाण्यांसाठी. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, प्रत्येक २ बाइटचं, डावा-उजवा असे २ चॅनेल. झाले १,७६,४०० बाइट. सीडीवर एका सेकंदाचे ७५ सेक्टर पडतात, म्हणजे एका सेक्टरमध्ये २,३५२ बाइट. गाण्यात एखादा बाइट बिघडला तर कानाला सहसा कळत नाही, पण प्रोग्रॅममध्ये तेवढ्यानेही घोळ होतो. म्हणून डेटा सीडीत त्यातले २,०४८ बाइटच डेटाला मिळाले. बाकीचे मुख्यतः सेक्टरचा पत्ता आणि चूक दुरुस्ती यांसाठी गेले.

पण फायली मांडायच्या कशा? १९८५ मध्ये कंपन्यांचे प्रतिनिधी अमेरिकेत लेक टाहोजवळच्या हाय सिएरा हॉटेलात जमले. त्यांच्या आराखड्यातूनच १९८८ साली आयएसओ ९६६० हे प्रमाण आलं. ‘आयएसओ फाइल’ हे नाव तिथलंच.

त्यानुसार पहिले १६ सेक्टर राखीव, आणि सतराव्याच्या सुरुवातीलाच ‘सीडी००१’ ही खूण. लिनक्स ती २,०४८ च्या हिशोबाने शोधतं. ‘बिन’ फाइलमध्ये मात्र सेक्टर बहुधा पूर्ण २,३५२ बाइटचा उतरवलेला असतो. खूण असते, पण पुढे सरकलेली. लिनक्सला ती सापडत नाही, की आलाच एरर!

मग करायचं काय? सोबतची ‘क्यू’ फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. त्यात ‘मोड१/२३५२’ दिसलं, तर ‘बीचंक’ हे छोटं टूल या दोन फायलींमधून आयएसओ काढून देतं. नीरोची ‘एनआरजी’ असेल, तर ३,०७,२०० बाइटचा ऑफसेट देऊन माउंट करून बघा, बऱ्याचदा जमतं. हा आकडा म्हणजे १५० गुणिले २,०४८. आणि १५० सेक्टर म्हणजे बरोबर २ सेकंद, पहिल्या गाण्याआधी सीडीवर सोडलेली मोकळी जागा!

मूळ फाइल मात्र हे सगळं होईपर्यंत जपून ठेवा. भेटू पुढच्या भागात.