विकाऊ घराचा चुना

मनमाड-हैदराबाद मीटरगेज १९०० च्या सुमारास पुरी झाली, लासूर स्टेशन रेल्वेच्या वाटेवर आलं. इकडची जुनी घरं धाब्याची, माळवदावर पांढरी माती. घर विकायचं झालं की भिंतींना चुना, जमिनीला शेण. जाणतं गिऱ्हाईक मात्र भिंत सोडून आधी तुळई पाहायचं. माळवद गळलं की लाकूड काळं पडतं, तिथं चुना काय करणार? अमेरिकेत बार्ब श्वार्झ यांनी १९७२ च्या सुमारास अशा सजावटीचा 'होम स्टेजिंग' हा धंदाच उभा केला. त्याच वर्षी मराठवाडा दुष्काळात. चुन्याला पैसे कुणाकडे होते! आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ आहे. साधी काळजी घेऊनही गिऱ्हाइकाला न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर त्यानं तो सांगायलाच हवा. चुन्याआड झाकलेली जुनी गळतीही त्यात येऊ शकते.