गोल गोल फिरणारा सायकलवाला

२०२६ च्या जानेवारीत पुण्यात 'पुणे ग्रँड टूर' ही सायकल शर्यत झाली. १९ ते २३ जानेवारी, एकूण ४३७ किलोमीटर, देशोदेशीचे संघ, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शाळेची पोरं झेंडे घेऊन उभी. आम्ही ती जालन्यात घरी बसून पाहिली. भाचा शेजारी होता. त्याने विचारलं, "मामा, यांना पगार कोण देतं?"

प्रश्न फार बरोबर होता. मी सांगितलं, संघ देतो आणि संघाला कंपनी देते. कपड्यावर जे नाव छापलंय ना, तीच कंपनी. त्यावर पुढचा प्रश्न आला, "मग आपल्याकडे कुणी असं सायकल चालवून पोट भरलंय का?" याचं उत्तर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून ही पोस्ट.

आधी तिकडचं सांगतो. १९०३ साली फ्रान्समध्ये 'लोतो' नावाच्या वर्तमानपत्राला खप वाढवायचा होता, म्हणून त्यांनी देशभर फिरणारी सायकल शर्यत काढली. तीच 'तूर द फ्रान्स'. पहिल्या वर्षी जिंकलेला मोरिस गारँ लहानपणी धुराड्यांची काजळी साफ करायचा. इटलीचा फाउस्तो कॉप्पी तर तेराव्या वर्षी शाळा सोडून खाटकाच्या दुकानात लागला. सायकलवरून गिऱ्हाइकांच्या घरी मांस पोचवायचं, हे त्याचं काम. त्याच पोऱ्याने १९४० मध्ये, विसाव्या वर्षी, इटलीची मोठी शर्यत जिंकली आणि पुढे १९४९ आणि १९५२ ची तूर द फ्रान्ससुद्धा. बियांकी ही सायकल कंपनी त्याला पैसे द्यायची, कारण कॉप्पी जिंकला की तिच्या सायकली खपायच्या.

म्हणजे हा धंदा साहेब लोकांनी नाही, पोटासाठी सायकल मारणाऱ्या पोरांनी उभा केला. आणि अशी पोरं आपल्याकडे काय कमी होती? जालन्यात पहाटे आजूबाजूच्या खेड्यांतून दोन्ही बाजूंना कॅन लटकवून येणारे दूधवाले मी लहानपणापासून बघतोय. वारा तोंडावर, रस्ता खडीचा, आणि दूध नासायच्या आत पोचायचं. पण आपल्या सायकल कंपन्यांना शर्यतींची गरजच पडली नाही. लोकांना शेतावर, गिरणीत, शाळेत जायचं होतं, त्यामुळे हीरो काय, ॲटलस काय, आपोआप खपत होत्या. मग शर्यत मारणाऱ्याला पगार कोण आणि कशाला देणार?

तरीही शर्यती झाल्या. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला आपला सायकल संघ गेला, त्यात मुंबईचे पारशी सायकलपटू होते. १९६४ च्या टोकियोनंतर मात्र २०२४ पर्यंत एकाही ऑलिंपिकला आपला सायकलपटू पोचलेला नाही. मुंबई-पुणे शर्यत मराठी माणसाला माहीत असते ती बोरघाटामुळे. घाट जो पहिला चढेल तो 'घाटाचा राजा'. पण या राजांची नोकरी असायची रेल्वेत, नाहीतर सैन्यात. खेळाडूंच्या कोट्यातून भरती व्हायचं, साहेबाने सुट्टी दिली की सराव करायचा. याला सायकलचं करिअर म्हणायचं का? मी म्हणणार नाही. ती नोकरीच, सायकल चालवू देणारी. (आता जालन्याजवळून एवढा गुळगुळीत समृद्धी महामार्ग गेलाय, पण त्यावर सायकलला बंदी. असो.)

मग सायकलवरच पोट भरणारा आपल्याकडे कोण होता? होता की! चाळिशीच्या पुढच्या मंडळींनी तो पाहिलेला आहे. गावात यायचा, मैदानात फक्कीचं गोल रिंगण आखायचा, मधोमध बांबू रोवून वर कर्णा बांधायचा आणि सात दिवस सात रात्री सायकलवरून उतरायचा नाही. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, आंघोळ सायकलवर. कपडे बदलायचा तेही सायकलवर, तेव्हा पोरं दुप्पट ओरडायची. दातांनी जमिनीवरचा रुमाल उचलायचा. खूश झालेला माणूस रिंगणात शिरून त्याच्या शर्टाला टाचणीने नोट लावायचा आणि कर्ण्यावरून त्याचं नाव पुकारलं जायचं. सातव्या दिवशी हार, गुलाल आणि गावातल्या कुणा प्रतिष्ठिताच्या हस्ते सत्कार. 'शोर' या १९७२ च्या सिनेमात मनोजकुमार मुलाच्या ऑपरेशनसाठी हेच करतो.

आणीबाणी उठल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत असा एकजण मस्तगडाजवळच्या मोकळ्या जागेत आला होता. तेव्हा जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. आमच्या घरी वाद पेटला. काका म्हणायचे, हा रात्री उतरून झोपतो, सगळी फसवणूक आहे. आजी म्हणायची, उतरत नाही, आणि ती माझ्या हाती त्याच्यासाठी दूध पाठवायची. शेवटी एका रात्री दोन वाजता अण्णा स्वतः बघायला गेले. आल्यावर आजीला एवढंच म्हणाले, "चालवतोय." सकाळी मग थोडं सविस्तर सांगितलं. मैदानात चिटपाखरू नव्हतं, कर्णा बंद, एकच दिवा. सायकल अगदी सावकाश फिरत होती आणि त्याचा धाकटा भाऊ पाठीवर हात ठेवून शेजारून चालत होता, सारखा काहीतरी बोलत होता, झोप लागू नये म्हणून. बघायला कुणीही नव्हतं, तरी त्याचा पाय जमिनीला लागला नव्हता. अण्णांनी त्याला दोन रुपये दिले. आमच्या घरात दोन रुपये ही तेव्हा गंमत नव्हती.

पुढे वाचताना कळलं की या प्रकाराचं खानदान मोठं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेत 'सहा दिवसांच्या' शर्यती असत. १८९७ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये चार्ल्स मिलर नावाचा गडी सहा दिवसांत दोन हजार मैलांच्या वर फिरला, तेही छताखालच्या रिंगणात. झोपेवाचून स्वारांना भास व्हायला लागले, तेव्हा एका माणसाने दिवसात बारा तासांपेक्षा जास्त चालवू नये असा कायदा करावा लागला. म्हणून मग दोघा-दोघांच्या जोड्या आल्या, आणि त्या प्रकाराला आजही 'मॅडिसन' म्हणतात. आपल्या मैदानातल्या माणसासाठी ना कायदा आला ना जोडीदार. एक भाऊ तेवढा होता.

आणि मोठ्या स्वारांना तरी ते गोल फिरणं कुठे चुकलं होतं? युरोपात मोठी शर्यत संपली की नावाजलेले स्वार गावोगाव चौकाभोवती फेऱ्या मारायच्या प्रदर्शनी शर्यती करत. कमाईचा मोठा वाटा तिथूनच येई. कॉप्पी चाळिशीला आला तरी हे करत होता. डिसेंबर १९५९ मध्ये तो अशाच एका शर्यतीसाठी आफ्रिकेत अप्पर व्होल्टाला गेला, म्हणजे आजच्या बुर्किना फासोला. सोबत शिकारही होती. परत आल्यावर ताप आला. त्याच्याबरोबर गेलेल्या जेमिनियानीला फ्रान्समध्ये मलेरिया असल्याचं कळलं आणि तो वाचला. तिथून इटलीत निरोपही गेला, पण तिथल्या डॉक्टरांनी तो मनावर घेतला नाही. २ जानेवारी १९६० ला कॉप्पी गेला. मराठवाड्यातल्या कुठल्याही कंपाउंडरला जो ताप हुडहुडीवरून कळतो, त्या तापाने!

आपल्याकडच्या अलीकडच्या मोठ्या नावांकडे बघा. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी 'रेस अक्रॉस अमेरिका', सुमारे ४,८०० किलोमीटर. २०१५ मध्ये नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीने ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. २०१७ मध्ये नागपूरच्या अमित समर्थांनी एकट्याने ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत. तिघेही डॉक्टर. कमाई दवाखान्यातून आणि खर्च सायकलवर. त्या शर्यतीत रात्री मागच्या गाडीतली माणसं स्वाराशी सतत बोलत राहतात, त्याला डुलकी लागू नये म्हणून. हे वाचलं तेव्हा मला मस्तगडाजवळचा तो भाऊच आठवला. महाजन बंधूंबद्दल आणि समर्थांबद्दल मला आदरच आहे. पण भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर ते नाहीत. सायकलने ज्याला खायला घातलं तो मैदानातला माणूस, आणि महाराष्ट्राच्या सायकलिंगचा इतिहास लिहिणारे त्याला ओळीतसुद्धा घेत नाहीत. 'तमाशा' म्हणून सोडून देतात. मला हे पटत नाही.

तो पुढे जालन्यातच स्थायिक झाला आणि पंक्चर काढायचं दुकान टाकलं. नाव लिहीत नाही, घरचे लोक इथेच आहेत. गुडघे वाकत नसत, म्हणून उंच खोक्यावर बसून काम करायचा. मी कॉलेजात असताना त्याने एकदा वही दाखवली होती. गाव, किती दिवस, किती जमले, कर्णेवाल्याला किती गेले, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. अंबड, बदनापूर, परतूर, मंठा, देऊळगाव राजा, भोकरदन. बहुतेक ठिकाणी सात दिवस, अंबडला नऊ. जमलेल्यातले जवळपास निम्मे कर्णा आणि दिव्यांनाच जायचे. शेवटची नोंद घनसावंगीची होती. रकमेची जागा कोरी आणि पुढे लिहिलेलं, "पाऊस. तिसऱ्या दिवशी उतरलो."