भरतीच्या जाहिरातीतलं माप

नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं पहाटे मुलं धावताना दिसली, की बारामती-इंदापूरकडं ओळखावं, पोलीस भरती जवळ आली. तिची जाहिरात म्हणजे सरकारी गद्याचा अस्सल नमुना. पुरुषाची उंची किमान १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९, फुगवून ५ नं जास्त. मग धावणं, गोळाफेक. दलाचं ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. पण रक्षणाला लागणारी कणव ही जाहिरात मागत नाही. टेपनं मोजता येत नाही, म्हणून असेल!

उमेदवार मात्र बदलत गेला. १९९४ मध्ये राज्याचं महिला धोरण आलं, तेव्हा मुख्यमंत्री बारामतीचेच शरद पवार होते. पुढं भरतीत ३० टक्के जागा स्त्रियांच्या झाल्या आणि कालव्यावर मुलीही धावू लागल्या. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खडसावल्यावर अर्जात तृतीयपंथीयांना रकाना मिळाला. मुसलमानांचं पोलिसांतलं अपुरं प्रमाण सच्चर समितीनं २००६ मध्ये नोंदवलं. आमच्या मोहल्ल्यात तर जाहिरात वाचण्याआधीच म्हणतात, ‘आपल्याला कोण घेतंय?’ ही समजूत दूर करणारी ओळ जाहिरातीत हवी.

न्यूझीलंडच्या पोलिसांनी तशी लिहिली. त्यांच्या एका चित्रफितीत रस्त्यावर एक पोरगा कचऱ्यात अन्न शोधतो. येणारे-जाणारे पुढं निघून जातात, कुणी एखादा थांबतो. प्रश्न एवढाच : पोलीस होण्याइतकी माया तुमच्यात आहे का?

पण नुसत्या जाहिरातीनं भागतं का? भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये तिथं उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान रहिवासी एकत्र बसू लागले आणि साध्या शिपायावर त्या-त्या वस्तीची जबाबदारी आली. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. (हेच खोपडे २०१४ मध्ये बारामतीतून लोकसभेला उभे होते, पडले.) शिपाई त्याच जुन्या मापाचे होते, त्यांना दिलेलं काम वेगळं होतं. ते काम आधीच सांगितलं असतं, तर धावायला आणखी कोण आलं असतं?

लेखी परीक्षेत अंकगणित असतं, मराठी व्याकरणही असतं. भांडणाच्या गल्लीत शिरल्यावर आधी कुणाशी बोलाल, हा प्रश्न त्यात सहज मावेल.